व्यसनाधीन बालक आणि शिक्षकाचे कर्तव्य



व्यसनाचा प्रश्न हा मोठ्या माणसांचा प्रश्न आहे, शाळेशी त्याचा संबंध आलाच तर तो एखाद्या मुलाच्या वडिलांच्या दारूपुरता, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. ती आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. २०१९ साली देशातील शाळांतून १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. तीत शंभरांपैकी सुमारे साडेआठ विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळून आले. या प्रमाणाने चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार मुले येतात. आपल्या वर्गात असे मूल नाही, असे म्हणण्यापूर्वी शिक्षकाने हा आकडा ध्यानात घ्यावा.

व्यसन म्हणजे काय, ते मुलापर्यंत कसे पोहोचते, त्याच्या खुणा कोणत्या आणि ते आढळल्यावर शिक्षकाने काय करावे व काय टाळावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे. मादक पदार्थ अनेक आहेत. परंतु खेड्यातील शाळेच्या दाराशी जे नित्य उभे असतात ते तंबाखू, सुपारी व दारू हेच होत. म्हणून मुख्य विचार त्यांचाच केला आहे.

१. व्यसन म्हणजे काय?

सवय आणि व्यसन यांत भेद आहे. सवय मोडली असता थोडे अवघडल्यासारखे होते. व्यसनाचा पदार्थ न मिळाल्यास मात्र शरीर व मन दोन्ही बंड करून उठतात. हा भेद कशामुळे पडतो, हे तंबाखूच्या उदाहरणावरून सहज समजेल.

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. तंबाखूत चुना मळला की हे द्रव्य मोकळे होते आणि तोंडाच्या आतील नाजूक अस्तरातून त्वरेने रक्तात शिरते. ते मेंदूत पोहोचल्यावर डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे द्रव्य स्रवते आणि घटकाभर बरे वाटते. मेंदू हा अनुभव विसरत नाही. पुढे तो या बाहेरून येणाऱ्या उत्तेजनाला सरावतो. जे एका चिमटीने होत असे त्याला दोन चिमटी लागू लागतात. ती न मिळाल्यास चिडचिड होते, बेचैनी येते, चित्त एकाग्र होत नाही, झोप बिघडते. या अवस्थेला पोहोचलेला मनुष्य सुखासाठी तंबाखू खात नाही. न खाल्ल्याने होणारा त्रास चुकविण्यासाठी खातो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरण्याचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे असते, तो सर्वांत शेवटी, वयाच्या पंचविशीच्या सुमारास, परिपक्व होतो. म्हणजे ज्या वयात आवरण्याची शक्ती सर्वांत कमी असते, त्याच वयात मुलाची व्यसनाशी गाठ पडते. ‘मनात आणले तर सोडता येईल’ हे वाक्य मुलाला ऐकविणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो.

आपल्या कायद्यानेही हीच दृष्टी स्वीकारली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व मादक द्रव्ये यांच्या अतिसेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा अत्यंत कडक. परंतु जो व्यसनी स्वतः होऊन उपचार पत्करतो, त्याला ठराविक अटींवर खटल्यातून मुक्त ठेवण्याची तरतूद त्यातही आहे. व्यापार करणारा आणि व्यसनात सापडलेला यांच्यात कायदा भेद करतो. तो शिक्षकानेही केला पाहिजे. रोगी म्हटल्याने मनुष्य जबाबदारीतून सुटतो, असे मात्र नाही. क्षयरोग्याने नेमाने औषध घेण्याची जबाबदारी त्याचीच असते. पण छडीने कोणाचा क्षय बरा झाल्याचे ऐकिवात नाही.

२. व्यसन मुलापर्यंत कसे पोहोचते?

बहुतेक मुलांना व्यसनाची दीक्षा घरात किंवा घराच्या अंगणात मिळते. आजोबांची चंची आणून देणे, वडिलांसाठी दुकानातून पुडी आणणे, आईसाठी मशेरी भाजणे, ही कामे मुलांकडेच असतात. दात दुखला म्हणून मुलीला मशेरी लावावयास शिकविणारी माउली तिचे अहित चिंतीत नसते. तिलाही तिच्या आईने तसेच शिकविलेले असते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकांत चौघांमागे सुमारे एक जण तंबाखू सेवन करणारा होता, आणि त्यांतील बहुतेक जण ती ओढणारे नसून चघळणारे वा दातांना लावणारे होते. ज्या वस्तूचा धूर दिसत नाही आणि वासही फारसा येत नाही, तिच्याकडे घरातील मंडळी व्यसन म्हणून पाहतच नाहीत.

दुसरी वाट सुपारीची. सुगंधी सुपारीची पुडी मुलाला खाऊसारखी वाटते. तिच्यातून मावा वा खर्रा आणि पुढे गुटखा, असा क्रम लागतो. सुपारी निरुपद्रवी आहे हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू न मिसळलेली सुपारीदेखील माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्वाळा दिलेला आहे.

तिसरी वाट संगतीची व श्रमाची. वडील मुलांच्या बरोबरीने वावरता यावे, शेतावर वा वीटभट्टीवर काम करताना भूक व शीण जाणवू नये, अशा साध्या कारणांनी पहिली चिमूट तोंडात जाते. त्या मुलाला आपण काही पाप करीत आहोत असे वाटत नसते. त्याला मोठे झाल्यासारखे वाटत असते.

३. शिक्षकाला दिसू शकणाऱ्या खुणा

वैद्याची तपासणी शिक्षकाने करावयाची नाही. परंतु मूल रोज पाच-सहा तास ज्याच्या डोळ्यांसमोर असते, त्याला काही गोष्टी घरच्यांपेक्षा आधी दिसतात.

पोषण आहाराच्या पंगतीत एखादे मूल आमटी तिखट लागते म्हणून ताट सारते व वरचेवर पाणी पिते, असे दिसल्यास ते केवळ लाडावलेले आहे असे मानू नये. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडातील अस्तर कडक होत जाण्याचा जो विकार होतो, त्याचे हे आरंभीचे लक्षण असू शकते. पुढे तोंड उघडेनासे होते. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून ती समोरच्या दातांमध्ये जातात की नाही, एवढी साधी परीक्षा मुलाला स्वतःच करता येते. ती जात नसल्यास, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेले व्रण अथवा गाठ असल्यास दंतवैद्याकडे अथवा ग्रामीण रुग्णालयात नेण्यास विलंब लावू नये. तोंडाच्या कर्करोगाच्या आधी पुष्कळदा अशाच अवस्था येतात, आणि त्या वेळी पदार्थ सुटला व उपचार झाला तर मोठे संकट टळू शकते.

इतर खुणा अशा : मधल्या सुट्टीनंतर गालात काही धरून बसणे, वारंवार थुंकावयास बाहेर जाणे, दातांवर काळपट डाग, दुसऱ्या-तिसऱ्या तासानंतर अकारण चिडचिड, घरातून वा मित्रांकडून लहान-सहान पैसे घेणे. कपड्यांना पंक्चर काढण्याच्या द्रावणाचा अथवा रंग पातळ करण्याच्या तेलाचा वास येणे व मुलाचे बोलणे अडखळणे ही खूण तर विशेष गंभीर होय. अशा वाफा हुंगल्याने हृदय एकाएकी बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. त्या मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

एका खुणेवरून निर्णय करू नये. चिडचीड उपासमारीनेही होते आणि पैसे भुकेपायीही घेतले जातात.

४. पुडी सापडल्यावर

समजा, सातवीतील एका मुलाच्या खिशात माव्याची पुडी सापडली. त्या क्षणी शिक्षक काय करतो, यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

वर्गासमोर उभे करून त्याची शोभा केली, तर दोन परिणाम होतात. मूल पुढच्या वेळी पुडी अधिक काळजीपूर्वक लपविते. आणि ज्या दोन-तीन मुलांच्या खिशात तशीच पुडी आहे, ती शिक्षकाला कायमची दुरावतात. पालकांना बोलावून शाळेतून नाव काढण्याची धमकी दिली, तर मूल त्या धमकीप्रमाणेच शाळा सोडते. ते टपरीवर किंवा कामावर जाते. तेथे त्याला पुडी देणारे पुष्कळ असतात, ती सोडण्यास सांगणारा कोणी नसतो. व्यसनाधीन मुलाला शाळेत टिकविणे हाच त्याचा पहिला उपचार आहे, हे या पाठाचे मुख्य सांगणे आहे.

म्हणून पुडी काढून घ्यावी आणि त्या वेळी एवढेच म्हणावे की, शाळा सुटल्यावर आपण बोलू. नंतर व्हरांड्यात, इतरांच्या नजरेसमोर पण कानांआड, त्याच्याशी बोलावे. कधीपासून, कोणाबरोबर, दिवसातून कितीदा, हे विचारावे. सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली चिमूट लागते, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर व्यसन खोलवर गेले आहे असे समजावे आणि आरोग्य केंद्राची मदत लगेच घ्यावी.

पालकांना शाळेत पाचारण करण्यापेक्षा शिक्षकाने स्वतः घरी जावे. ‘तुमचा मुलगा बिघडला’ असे न म्हणता, ‘आपल्या मुलाला एक आजार लागतो आहे, आपण दोघांनी मिळून तो थांबवू’ असे म्हणावे. वडील स्वतः तंबाखू खात असले, तर त्यांनाही त्याच वेळी उपदेश करू लागू नये. मुलाला पुडी आणावयास पाठवू नये व त्याच्यादेखत खाऊ नये, एवढे मान्य करून घेतले तरी पहिल्या भेटीचे कार्य झाले.

मग मुलाबरोबर बसून सोडण्याचा एक दिवस ठरवावा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. त्रास हळूहळू कमी होत दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतो, हे त्याला आधीच सांगावे. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात घोटभर पाणी, चार फुटाणे वा थोडी बडीशेप, मैदानाला एक फेरी, यांनी ती टळते. त्या आठवड्यात त्याला वर्गात पाणी पिण्याची व मध्येच उठण्याची मुभा द्यावी. निकोटिनच्या गोळ्या वा अन्य औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

शपथ देण्याची प्रथा आपल्याकडे फार आहे. शपथ घेणे सोपे असते. तिच्या दुसऱ्या दिवशी कोणी विचारपूस करीत नाही, हा तिचा दोष. शिक्षकाने रोज एक वाक्य विचारावे : ‘काल कसे गेले?’ उत्तर ‘गेले, पण एकदा खाल्ली’ असे आले, तर खरे बोलल्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी आणि कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत खाल्ली ते शोधावे. पुन्हा घसरणे हे या रोगाचे लक्षण आहे. उपचार व्यर्थ गेल्याचा तो पुरावा नव्हे.

५. ज्याच्या घरात दारू आहे असे मूल

हे मूल स्वतः व्यसनी नसते. पण व्यसनाची झळ त्यालाच अधिक लागते. ते उशिरा येते, वर्गात पेंगते, हाक मारली की दचकते. घरातील थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळण्यासाठी वरचेवर गैरहजर राहते. आपल्या हातून काही चुकले म्हणून वडील पितात, असे अशा मुलांच्या मनाने घेतलेले असते. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत : वडिलांच्या पिण्याला तू कारण नाहीस, ते सोडविणे हे तुझे काम नाही, आणि तू एकटा नाहीस. वडिलांना सुधारण्याचा निरोप मुलाच्या हाती कधीही पाठवू नये. त्याचा मार मुलालाच खावा लागतो. घरात मारझोड होत असेल, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

वडिलांशी बोलण्याचा प्रसंग आल्यास दोन धोके ध्यानात ठेवावेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे प्रकार घडतात व प्रसंगी जीवही जातो. म्हणून ‘आजपासून सोडा’ असा आग्रह धरण्याऐवजी ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा’ असे सांगावे. दुसरा धोका, नकळत जेवणात मिसळण्याच्या औषधांचा. अशा औषधावर दारू प्याल्यास रोगी दगावू शकतो. बायकोने काळजीपोटी असे औषध आणले असेल, तर तिला हे समजावून सांगणे अगत्याचे आहे.

६. कायदा आणि उपचाराची साधने

२००३ च्या तंबाखूनियंत्रण कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत त्यांची विक्री करण्यास बंदी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी घालण्यात आली. शाळेच्या कुंपणापासून अंतर मोजून पिवळी रेषा आखणे व तिच्या आतील विक्रीबाबत ग्रामपंचायतीस लेखी कळविणे, ही कामे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून करावीत. एकट्या शिक्षकाने दुकानदाराशी वाद घालू नये.

उपचारासाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालय यांची मदत घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्राने, व्यसनी माणसाला अपमानाशिवाय बरे करता येते, हे महाराष्ट्राला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली आणि २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाद्वारे गावोगाव दारू व तंबाखू कमी करण्याचे कार्य हाती घेण्यात आले.

७. पाठ आणि आचरण

व्यसनमुक्तीसाठी वेगळा तास नसला तरी चालेल. गणितात रोज दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याचा वर्षाचा व दहा वर्षांचा खर्च मुलांकडून काढवावा. ३,६५० व ३६,५०० हे आकडे पाहून मुले स्वतःच त्या पैशांत काय काय आले असते ते सांगू लागतात. इतिहासात सांगावे की, तंबाखू ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि १६१७ साली जहांगीर बादशहाने तिच्यावर बंदीचा हुकूम काढला होता. ‘ही तर आपली पूर्वापार चाल’ या म्हणण्यातील फोलपणा मुलांना त्यावरून कळतो.

गाडगेबाबा आपल्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दारूविषयी त्यांनी हीच रीत वापरली. वर्गातही हीच रीत फलदायी होते. सडलेल्या तोंडाची भयानक चित्रे दाखवून मुले क्षणभर घाबरतात, मग ती चित्रे थट्टेचा विषय होतात. ‘कोणी पुडी पुढे केली तर तू काय म्हणशील?’ हा प्रश्न देऊन नकार देण्याचा सराव, छोट्या नाट्यप्रवेशातून का होईना, करून घेतल्यास तो प्रसंगी उपयोगी पडतो.

शेवटी शिक्षकाच्या स्वतःच्या आचरणाविषयी. आपल्यातील काहींना तंबाखूची सवय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा शिक्षकाने हा पाठ आपल्यासाठी नाही असे समजू नये. सोडणे किती कठीण आहे हे तोच चांगले जाणतो, आणि सोडण्याचा निश्चय त्याने मुलांबरोबरच केला तर त्याच्या शब्दाला वजन येते. तोपर्यंत शाळेच्या आवारात ती डबी येता कामा नये आणि विद्यार्थ्याला पुडी आणावयास कधीही पाठविता कामा नये. आपण पाठविलेल्या मुलाला पुडी विकणारा दुकानदार कायदा मोडतो, आणि तो मोडावयास आपणच कारण होतो.

गावात मुलाला पुडी देणारे अनेक असतील. रोज नाव घेऊन हाक मारणारा आणि न आल्यास घरी चौकशीला जाणारा पुष्कळदा शिक्षकच असतो. हजेरीपत्रकातील त्या मुलाचे नाव पुसले जाऊ न देणे, हे म्हणूनच शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावात मुलांच्या हाती तंबाखू वा सुपारी कोणत्या वाटेने येते? ती वाट बंद करण्यासाठी कोणाची मदत लागेल?
(२) पुडी सापडलेल्या मुलाच्या पालकांशी पहिल्या भेटीत कोणत्या शब्दांत बोलाल? दोन शिक्षकांनी हा संवाद करून दाखवावा.
(३) वडिलांच्या दारूमुळे वरचेवर गैरहजर राहणाऱ्या मुलीसाठी शाळेच्या वेळेत कोणत्या सोयी करता येतील?
(४) आपल्या शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीची किती ठिकाणे आहेत? मोजून पुढील बैठकीत सांगावे.